पाट्यांच्या वसाहतीत आम्ही तिघंच

“सर, तुम्ही नक्की झोपता कुठल्या राज्यात?”

प्रश्न गेला माझ्या तोंडून, पण तो बनवला होता गार्गी खोत आणि अल्फिया मुजावर या दोघींनी, हॉलच्या शेवटच्या ओळीत बसून, सतरंजीचे दोरे उपटत. दम असेल तर विचारून दाखव, दाबेली आमच्याकडून, असं म्हणून त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला. मी तेव्हा आठवीत. सातवीपर्यंत मी वर्गात हात वर करायचे तो फक्त पाणी प्यायला जायचं असेल तेव्हा. आठवीत काय झालं कुणास ठाऊक, एका सुट्टीत उंची वाढली आणि उंचीच्या मागोमाग आवाजही आला. आलेला आवाज ठेवून द्यायचा कशाला?

कार्यक्रमाचं नाव होतं ‘उद्योजक आपल्या भेटीला’. उद्योजक होते जयपालकाका चौगुले. शेतीपंपांचे सुटे भाग बनवायचे, आमच्या खोतगावच्या उद्योजक मंडळाचे अध्यक्ष होते आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचे. बराच वेळ ते आम्हाला सांगत होते की या राज्यात उद्योगाची कदर उरली नाही, कर भरून भरून कंबर मोडली, म्हणून आपण जड अंतःकरणाने महाराष्ट्र सोडला आणि सीमेपलीकडे बसनकट्टीच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. तिकडचं सरकार नव्या कारखान्याला राज्याच्या वाट्याचा कर दहा वर्षं परत देतं, विजेत सूट देतं, आणि वर साहेब लोक स्वतः उठून खुर्ची देतात. ‘महाराष्ट्र सोडला’ या शब्दांवर त्यांनी खिशातून रुमालही काढला.

आता त्याच दिवशी सकाळी ज्यांना आम्ही बनियनवर गाडी धुताना बघितलं होतं, गाडीला नंबर तेवढा पलीकडचा, त्यांनी महाराष्ट्र सोडला म्हणजे नेमकं काय सोडलं, हे कुणालाही विचारावंसं वाटेल.

हॉल हसला. आधी शिपाईमामा, मग दहावीची मुलं, मग रुमालाआड सगळ्या बाई. मुख्याध्यापक हेरवाडे सर माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी स्टेजच्या पडद्याला काडी लावली.

जयपालकाका मात्र मुरलेले. माईक जरा जवळ घेत ते गोड हसले आणि म्हणाले, “बाळ, खरा उद्योजक झोपतच नाही.”

टाळ्या पडल्या. अशा पडल्या की मी अजून उभी आहे हे सगळे विसरले. मी खाली बसले तर गार्गीने सांगितलं, दाबेली रद्द, कारण उत्तर मिळालं नाही. नुसतं विचारण्याची पैज होती, असं मी म्हटलं, त्यावर अल्फियाने, तसं कुठं ठरलं होतं, असं उलट मलाच विचारलं. ती आता वकिलीची तयारी करते आहे. करणारच.

त्या हॉलमध्ये एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. तो स्टेजच्या कडेला सन्मानचिन्हांच्या खोक्यापाशी उभा होता, आणि तो माझा बाप होता.

पप्पांचा, म्हणजे भरतेश मगदूमांचा, ट्रॉफीचा कारखाना. पत्र्यातून चषक ओढायचे, त्यांना दोन बाजूंनी कान लावायचे, मुलामा द्यायचा, लाकडी बैठकीवर बसवायचे आणि खाली नाव कोरायचं. कबड्डी, कुस्ती, रांगोळी, भजन, आदर्श सरपंच, कशालाही पप्पांची ना नव्हती. बिघडलेला माल घरी यायचा. आमच्याकडे साखर ‘उपविजेत्या’त असायची, मीठ ‘उत्कृष्ट चढाई’त, आणि मम्मीच्या फोडणीची मोहरी एका ‘जीवनगौरवा’त, कारण ज्यांचा गौरव व्हायचा होता ते गृहस्थ कार्यक्रमाच्या आधीच गेले आणि ऑर्डर रद्द झाली. पंचक्रोशीत ज्याच्या शोकेसमध्ये पप्पांच्या हातची ट्रॉफी नाही असा माणूस शोधावा लागला असता. पप्पांना मात्र कधी कुणी साधा नारळही दिला नव्हता. हे दुखणं ते बोलून दाखवत नसत. पण दुसऱ्याच्या नावाची पट्टी चिकटवून झाली की ट्रॉफी जरा लांब धरून बघत, आणि मम्मी मग उगाचच मला दुसऱ्या खोलीत काहीतरी आणायला पाठवायची.

त्या दिवशी जेवताना मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. पप्पांनी फक्त विचारलं की हसलं कोण कोण. मी म्हटलं, सगळेच.

“हेरवाडे सर?”

“तेपण. पण मागं तोंड फिरवून.”

पप्पांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते मला आणि मम्मीला दोघींनाही नवीन होतं. जयपालकाकांच्या नादाने त्यांनीही बसनकट्टीत एक शेड घेतली होती. पुढल्या महिन्यात तिथं आपली पाटी लागणार होती. माल बनणार इथंच, बिल फाटणार तिथलं, महिन्यातून एकदा जाऊन पाटीवरची धूळ पुसून यायची, एवढंच स्थलांतर. निम्म्या खोतगावने हेच केलं होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

“आज ती पोरं हसली, ती मला हसल्यागत वाटली,” पप्पा म्हणाले. “मला असं कुणी भर सभेत विचारलं तर मी काय सांगू? मला न्हाई जमायचं ते, उद्योजक झोपत न्हाई वगैरे.”

“मग राहू दे की,” मम्मी म्हणाली.

“राहू दे कसं? शेड घेतली. कर परत मिळतोय. जायचं तर खरं जायचं. घरदार घेऊन.”

मम्मी घास घ्यायची थांबली. “खोटं जायचं ठरलं होतं, तेच बरं होतं की हो.”

पप्पांचा स्वभाव असा की बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी हलवा’ लिहिलेलं असेल तर ते रिकामी बाटलीही हलवतील. सरकारने लिहिलं होतं, या आणि राहा. पप्पांनी ते वाचलं. बाकीच्यांनी फक्त ‘परत मिळेल’ एवढंच वाचलं होतं.

मला खोतगाव सोडायचं नव्हतं, हे मी रडून, रुसून, एक वेळ न जेवून (पण दुपारी भडंग खाऊन) सगळ्या मार्गांनी कळवलं. माझी शाळा, माझ्या दोघी, माझा नुकताच आलेला आवाज, सगळं इथंच होतं. तिकडे गेल्यावर कन्नड घ्यावं लागणार होतं, आणि मला कन्नड येत होतं ते फक्त बसवर लिहिलेलं, तेही न वाचता. पण पप्पा बधले नाहीत. गंमत म्हणजे गल्लीत ज्याला त्याला ते अभिमानाने सांगत होते की आमच्या चंदनाच्या प्रश्नामुळेच माझे डोळे उघडले. गल्लीतल्या बायका मग मम्मीला भेटून हळहळत, आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणत, अगं, गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?

जयपालकाकांना मात्र आमच्या जाण्याचा फार आनंद झाला. मंडळाला दाखवायला एक तरी खरंखुरं घर मिळालं. त्यांनी लगेच ‘स्थलांतरित उद्योजक सन्मान सोहळा’ जाहीर केला. तो बसनकट्टीत होणं बरं दिसलं असतं, पण तिथं सत्कारमूर्तींना नेण्यासाठी दोन बस लागल्या असत्या, म्हणून महाराष्ट्र सोडून गेलेल्या सगळ्यांचा सत्कार खोतगावच्या मंगल कार्यालयात झाला. बहुतेकजण चालत आले. काहीजण जेवायला घरी जाऊन परत आले.

ट्रॉफ्यांची ऑर्डर अर्थातच पप्पांना. त्यांतली एक त्यांची स्वतःची. सगळ्या ट्रॉफ्या एकसारख्या करायच्या असं त्यांनी मोठ्या निष्ठेने सांगितलं होतं, पण मम्मीने पुसताना ओळखलं की एकीवर मुलामा दोनदा चढवलाय. पट्टीवर होतं, ‘श्री. भरतेश आदगोंडा मगदूम, धाडसी स्थलांतरित’. स्टेजवर जयपालकाकांनी ती त्यांच्या हाती दिली तेव्हा पप्पांनी अशा आश्चर्याने बघितली की जणू आयुष्यात पहिल्यांदाच दिसते आहे. मी पुढच्या ओळीत बसून टाळ्या वाजवल्या. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि हे दोन्ही एकदम आलं की माझं नाक वाहतं.

कारखान्यात पॉलिश करणाऱ्या तारामावशी आणि तिघी-चौघी बायका तिकडे आल्या नाहीत. येणार कशा? त्यांची पोरं, म्हशी, नवऱ्यांची दुखणी सगळी इथंच. पप्पांनी त्यांना विचारलं होतं. तारामावशी म्हणाल्या, आम्हाला काय परत मिळणार हाय तिकडं? आणि हात धुऊन निघून गेल्या.

मे महिन्यात आम्ही बसनकट्टीला पोचलो. खोतगावहून एक बस सीमेपर्यंत, मग दुसरी, मग वसाहतीच्या फाट्यापासून चालत. टेम्पोतून सामान आधीच गेलं होतं, आणि राहायचं होतं शेडच्याच मागच्या खोल्यांत. फाटकात आम्ही तिघं उभे राहिलो आणि मम्मी म्हणाली, अगं बाई, हे तर सगळे आपलेच.

खरंच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेड आणि प्रत्येक शेडवर ओळखीचं नाव. चौगुले पंप्स. खोत इंजिनिअरिंग. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्यांचे साडू. खोत इंजिनिअरिंग म्हणजे गार्गीच्या वडिलांची पाटी, आणि तिने मला कधी सांगितलं नव्हतं. आमची सगळी गल्ली तिथं पाट्यांच्या रूपात राहत होती. पाट्या रंगवलेल्या, शटर बंद, पुढे गवत. एका शटरला कुणीतरी मोठ्या प्रेमाने तोरण बांधलं होतं, ते वाळून त्याची काडी झाली होती. माणूस म्हणावं असं कुणी असेल तर राखणदार, आणि त्यांच्यासाठी फाटकापाशी खानावळ चालवणाऱ्या गंगाक्का. संध्याकाळी मी आणि मम्मी फिरायला निघायचो. मम्मी प्रत्येक पाटीपुढे थांबून त्या त्या घरातल्या बाईची आठवण काढायची. ही असती तर पापड लाटले असते. ही असती तर हिच्याशी भांडले असते तरी चाललं असतं.

पावसाळ्यात एकदा तिकडचे साहेब वसाहत बघायला आले. जयपालकाका खोतगावहून पहाटेच निघून त्यांच्या आधी हजर झाले आणि त्यांना थेट आमच्या दारात घेऊन आले. मम्मीने पोहे केले. साहेबांनी आमची यंत्रं बघितली, बाहेर वाळत घातलेले कपडे बघितले, माझी वही बघितली, आणि फार खूश झाले. मग त्यांनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं की बाकीचे लोक कुठे दिसत नाहीत. जयपालकाका म्हणाले, कामावर गेलेत. साहेबांनी मान हलवली आणि आणखी पोहे घेतले. तेही इथं राहत नव्हते, हे नंतर गंगाक्कांकडून कळलं. त्यांचं बिऱ्हाड जिल्ह्याच्या गावी, आणि मुलं आणखी कुठे तरी शिकायला.

माझी शाळा वसाहतीपलीकडच्या गावात होती. मराठी माध्यमाची, पण कन्नड सक्तीचं. नववीच्या वर्गातली मी कन्नडच्या तासाला पहिलीच्या पोरांच्या मागे जाऊन बसायची. माझ्या पुढ्यातला एक शेंबडा मुलगा मागे वळून माझी अक्षरं तपासायचा आणि कपाळाला हात लावायचा. पहिला महिनाभर मी रोज घरी येऊन जाहीर करायची की मी इथं मरणार.

मेले नाही, याचं श्रेय गंगाक्कांच्या मुलीला, शिवलीलाला. ती माझ्याच वर्गात होती. एके दिवशी मैदानाच्या कडेला मी बसले असताना तिने लांबूनच “बारे इल्ली” असं ओरडून चेंडू माझ्याकडे फेकला. इकडे ये म्हणतेय हे कळायच्या आत मी तो झेलला होता. तिकडे मुली कबड्डी खेळत नाहीत, थ्रोबॉल खेळतात. जाळीवरून चेंडू फेकायचा, पलीकडच्याने झेलायचा, झेलला की लगेच परत फेकायचा. एवढा सोपा आणि एवढा दमवणारा खेळ मी बघितला नव्हता. माझी उंची इतके दिवस कुठल्याच कामाची नव्हती, ती अचानक कामाला आली. दिवाळीपर्यंत मी संघात होते. आणि कोर्टवर उभं राहून ओरडायचं असेल तर व्याकरण लागत नाही.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. ट्रॉफीचा धंदा म्हणजे शेवटच्या घटकेचा धंदा. फायनल संपली की कुणीतरी मोटारसायकलवर धावत येतं, नाव सांगतं, पप्पा उभ्या उभ्या कोरतात, आणि तिकडे पाहुण्यांचं भाषण संपायच्या आत ट्रॉफी स्टेजवर. हे खोतगावात जमत होतं. आता राज्याची सीमा ओलांडून नाव कोरायला कोण येणार? कर दहा वर्षं परत मिळणार होता, पण परत मिळायला आधी काहीतरी विकावं लागतं, ही गोष्ट योजनेत कुणी लिहिली नव्हती. पप्पा दुपारचे यंत्रापाशी बसून स्वतःचीच ‘धाडसी स्थलांतरित’ पुसत बसायचे.

मग गावातल्या जत्रेतल्या कुस्त्यांचे लोक आले. त्यांचा नेहमीचा माणूस आजारी पडला होता. नावं सगळी कन्नडमध्ये. पप्पा घाबरले. मी एकेक अक्षर मोठ्याने सांगितलं, शिवलीलाने माझ्या चुका काढल्या, पप्पांनी कोरलं, आणि आखाड्यावर पहिल्या पैलवानाला ढाल दिली तेव्हा पंचांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि पप्पांना हात धरून आपल्या शेजारी बसवून घेतलं. त्यानंतर कुणी ना कुणी यायला लागलं. बेताचंच, पण यायला लागलं. मम्मी गंगाक्कांकडून शेंगांची चटणी शिकली आणि त्यांना आपलं थालीपीठ शिकवलं, आणि भाषा न येता दोघी तासन्‌तास कुणाची तरी निंदा करायच्या. कुणाची, ते दोघींनाच ठाऊक.

दिवाळीत मी खोतगावला गेले होते. गार्गी आणि अल्फियाबरोबर आमच्या नेहमीच्या कट्ट्यावर बसले. त्या दोघी ज्या गोष्टींवर हसत होत्या त्या मला समजावून सांगाव्या लागत होत्या, आणि समजावून सांगितल्यावर हसण्यासारखं काही उरत नव्हतं. निघताना गार्गीच्या आईने मला हळदीकुंकू लावलं आणि पुन्हा ये म्हणाली. पाहुण्यांना म्हणतात तसं.  

नववीची परीक्षा संपली आणि एप्रिलच्या उन्हात जयपालकाका आले. रुमाल, गाडी, सगळं तेच. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की शेवटी आपल्या सरकारला जाग आली. उद्योग बाहेर चाललेत म्हणून ओरड झाली होती, त्यावर उपाय म्हणून महाराष्ट्रात नवी योजना निघणार होती. परराज्यातून येणाऱ्या कारखान्याला राज्याचा कर परत, तोही बारा वर्षं. वसाहतीतल्या पाट्या काढायला माणसं उद्याच येणार होती. सगळं खोतगाव महाराष्ट्रात परत येत होतं.

“आम्ही बाहेरचे कधी झालो?” पप्पांनी विचारलं.

“तर. तुझ्याइतका बाहेरचा कोणच न्हाई भरतेश. आम्हाला बाहेरचं हाय हे दाखवताना घाम फुटणार हाय. तुझं तर विजेचं बिल इथलं, पोरीची शाळा इथली. पयला नंबर तुझा लागणार बघ.”

मम्मी आतून चहा घेऊन आली होती. तिने कप खाली ठेवला आणि विचारलं, “आणि जे कुठं गेलेच न्हाईत? तारामावशीचा जावई गिरणी काढून बसलाय तिथंच. त्याला काय मिळणार?”

जयपालकाकांना प्रश्नच कळला नाही. “त्याला कशाला काय द्यायचं, वैनी? त्यो हायच की तिथं. त्यो कुठं जाणार हाय?”

इतकं खरं बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. बारा वर्षांनी काय, असं पप्पांनी विचारलं, तर म्हणाले, तोवर इकडचं सरकार काहीतरी काढेलच की. मग चहा संपवून त्यांनी शेवटचं आणि मोठं सांगितलं. मंडळ परत येणाऱ्यांचा सत्कार करणार होतं. ‘परतलेला भूमिपुत्र’ असा पुरस्कार. ट्रॉफ्या पप्पांनीच करायच्या, आणि मानाची पहिली त्यांचीच.

पप्पांच्या हातात रिकामा कप होता. मी बघत होते, त्यांनी तो नकळत जरा लांब धरला.

जयपालकाका जाईपर्यंत सगळं ठरलं होतं. घर आवरायचं, यंत्रं उतरवायची, जुन्या घराला रंग द्यायचा. मम्मी एकदम कामाला लागली, कारण काहीही झालं तरी तिला तिच्या गल्लीत जायचं होतं, आणि तिचा तो हक्कच होता. पप्पा तर वर्षभरात बघितले नव्हते इतके खुशीत होते. म्हणत होते, बघ चंदे, शेवटी खरं वागल्याचं फळ मिळालं. त्यांना कुणी सांगायचं की ते खरं वागले होते म्हणून नाही, ते परत जात होते म्हणून फळ मिळत होतं. त्यांनी माझ्या शाळेच्या दाखल्यासाठी अर्ज लिहिला, खाली सही केली, आणि उद्या देऊन ये म्हणाले. मला कुणी काही विचारलं नाही. गेल्या वर्षीही नव्हतं विचारलं, पण तेव्हा मी निदान रडले होते.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा वसाहतीत शिड्या लागल्या होत्या. चौगुले पंप्स खाली आलं. गिरणीवाल्यांचे साडू खाली आले. दोन माणसं गार्गीच्या वडिलांना काखेत धरून टेम्पोत चढवत होती. पाटी काढलेल्या भिंतीवर आधीचा रंग तेवढा चौकोन धरून राहिला होता, बाकी त्या शेडमध्ये कुणी होतं याची काहीही खूण नव्हती. खानावळीपाशी गंगाक्का ते बघत उभ्या होत्या. मी तिथं थांबले. त्यांच्याशी जे बोलायचं होतं ते मी रात्रभर कन्नडमध्ये जुळवून ठेवलं होतं. मी चुकत होते तिथं शिवलीला पुरवत होती. गंगाक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि मम्मीला माहीत आहे का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आज कळेल, आणि त्यांनी मान डोलावली.

शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीतही आमचा सराव चालू होता. जूनमध्ये तालुक्याचे सामने होते आणि जाळीपाशी उभी राहील अशी उंच मुलगी आमच्याकडे दुसरी नव्हती. खेळाच्या मॅडमनी विचारलं, काय गं, कसला कागद? मी म्हटलं, काही नाही, आणि तो घडी करून दप्तरात ठेवला आणि दुपारपर्यंत खेळले.

घरी आले तेव्हा पप्पा जमिनीवर बसून ट्रॉफ्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते आणि मम्मी भांड्यांचं पोतं शिवत होती. पप्पांनी मान वर न करताच विचारलं की दाखला कधी देतो म्हणाले.

“मी अर्ज दिला नाही,” मी म्हटलं.

मम्मीची सुई थांबली. पप्पांनी वर बघितलं. त्यांना वाटलं ऑफिस बंद असेल, उद्या जाऊ म्हणाले, मी बरोबर येतो म्हणाले. त्यांच्या मांडीवर कान नसलेला एक चषक होता आणि चेहऱ्यावर इतका साधा विश्वास होता की एखादी दुसरी मुलगी तिथंच विरघळली असती. मीही जवळजवळ विरघळले. म्हणून मी खाली बसले नाही.

“पप्पा, मम्मी, ऐका. दहावी मी इथूनच देणार. गंगाक्कांकडे राहणार, त्या हो म्हणाल्यात. तुम्हाला सरकारनं बोलवलंय, तुम्ही जावा, मी अडवत न्हाई. मला दोन्हीकडनं कुणीच बोलवलं न्हाई, आणि गेले काय, राहिले काय, मला कुणी काय परत देणार न्हाई. म्हणून मी कुठं राहायचं ते मीच ठरवलंय.”